‘मोठी झाले की ऐकू येईल ना?’ : मुलाला त्याचं बहिरेपण सांगताना

लालबागच्या आमच्या चाळीत मी सोडून सगळ्यांना ऐकू यायचं. सहा वर्षांची असताना मी त्याचा एक हिशेब मांडला होता. आई मोठी, तिला ऐकू येतं. बाबा, आत्या, शेजारच्या काकू, दूधवाला, सगळे मोठे आणि सगळ्यांना ऐकू येतं. कानाला ऐकायचं मशीन लावणारी माणसं मी फक्त शाळेत पाहिली होती, आणि ती सगळी पोरंच होती. म्हणजे दुधाचे दात पडतात तसं हे बहिरेपण कधीतरी पडणार. शाळा संपली की मशीन परत करायचं असेल. मी आईला विचारलं, ‘‘मोठी झाले की ऐकू येईल ना?’’ आईने माझ्याकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. हो.

सातव्या वाढदिवसाला सकाळी मी मशीन न लावता मोरीत तांब्या टाकून पाहिला. काही ऐकू आलं नाही, तांब्याला पोचा मात्र पडला. आठव्या वाढदिवसालाही टाकला. पुढे टाकायचं सोडलं, पण वाट पाहायची सोडली नाही. आणि जेव्हा खरं काय ते कळलं तेव्हा राग आला तो आईचा.

आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे. कर्णबधिर मुलांच्या पालकांबरोबर काम करते. मला बोलता येतं, पण माझे उच्चार ऐकून रिक्षावाले विचारतात, ‘‘मॅडम, तुम्ही साउथच्या का?’’ खुणांची भाषाही येते. रिपोर्ट घेऊन नव्याने येणारे आईबाप मला मशीनबद्दल, ऑपरेशनबद्दल, शाळेबद्दल शंभर प्रश्न विचारतात. मुलाला हे सांगायचं कसं, हे मात्र फार थोडे विचारतात. म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी तुमचं तुम्हाला नीट कळू दे

तुम्हालाच न कळलेली गोष्ट तुम्ही मुलाला सांगू शकत नाही. बेरा टेस्टचा (आवाजाचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी) किंवा ऑडिओग्रामचा (ऐकण्याचा आलेख) कागद घेऊन ऑडिओलॉजिस्टसमोर, म्हणजे श्रवणतज्ज्ञासमोर बसा आणि आकड्यांचा अर्थ विचारा. घरातलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. तुमच्या मुलाला ९० डेसिबलच्या खालचं काहीच ऐकू येत नसेल, तर तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो हट्टी नाही, लक्ष देत नाही असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष असेल तर ते बहिरेपण, आणि ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर ऐकायला कमी येणं. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असलं की बहुतेक सवलती लागू होतात. ते काम एकदाच उरकून टाका आणि विसरा.

वेळेचं गणित थोडं कडक आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि शिकवणं सुरू, असं जगभर मानतात. आपल्याकडे मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत ‘याचा बापही उशिराच बोलला’ यात दिवस जातात. मग कोणी जिभेखालची शीर कापायला सांगतं, कोणी नवस बोलायला. झालं ते झालं. आज सुरू करा.

आता एका जुन्या समजुतीबद्दल. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे घरातलं कोणीतरी म्हणणार. बहुधा आईलाच ऐकवणार. जन्मजात बहिरेपणात बऱ्याचदा कारण जनुकांत असतं, आईबाप दोघंही उत्तम ऐकणारे असले तरी. नाहीतर गरोदरपणातला रुबेला किंवा सीएमव्हीसारखा संसर्ग, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, किंवा जन्मानंतर फार चढलेली कावीळ, मेंदूज्वर, काही इंजेक्शनं. भाजीचा आणि सुरीचा काही संबंध नाही. हे मी मुलाच्या संदर्भात लिहिते आहे, कारण ‘कोणाच्या चुकीमुळे’ हा वाद घरात चालू असेल तर मूल तो चेहऱ्यांवरून वाचतं. ऐकू न येणारी मुलं चेहरे फार लवकर वाचायला शिकतात. रडायचं असेल तर जरूर रडा. पण मशीन लावताना डोळे भरून येणं रोजचंच झालं, तर मूल एवढंच शिकेल की हे मशीन आईला रडवतं.

आणखी एक गोष्ट आधी स्वतःशी कबूल करा. मशीनने किंवा कॉक्लिअर इम्प्लांटने (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवलेल्या यंत्राने) मूल ‘ऐकणारं’ होत नाही. इम्प्लांट चांगलं बसलं, थेरपी नियमित झाली तर पुष्कळ मुलं फोनवरही बोलतात, मी पाहते आहे. पण रात्री झोपताना, आंघोळीला, समुद्रावर, बॅटरी संपल्यावर ते मूल पुन्हा बहिरंच असतं. ‘ऑपरेशन झालं, आता प्रश्न मिटला’ असं मुलाला सांगितलंत, तर पुढे वर्गातल्या गोंगाटात त्याला काही कळलं नाही की ते ठरवेल, चूक माझीच आहे.

२. घरातला एक शब्द ठरवा

कर्णबधिर म्हणा, बहिरा म्हणा, ‘ऐकू येत नाही’ म्हणा. मला ‘बहिरी’ चालतं, माझ्या मैत्रिणीला अजिबात चालत नाही. घरात काय चालेल ते ठरवा आणि तोच शब्द सगळ्यांनी, आवाज न उतरवता, वापरा. ‘त्याला जरा... प्रॉब्लेम आहे’ असं कुजबुजत सांगू नका. कुजबुज ऐकू येत नसली तरी दिसते.

एक शब्द मात्र घराबाहेर ठेवा : मुका. ‘मूकबधिर’ अजून पाट्यांवर, कागदांवर दिसतो. ज्याला आवाज आहे, ज्याला हातांनी बोलता येतं, त्याला मुका कशाला म्हणायचं?

शब्द लवकर द्यायचं कारण व्यवहारी आहे. आपल्या भाषेत ‘बहिरा आहेस का रे?’ ही शिवी आहे. बसमध्ये, मैदानात, जिन्यावर तुमचं मूल ती आज ना उद्या ओठांवर वाचणारच. स्वतःसाठीचा शब्द आधी घरात, प्रेमाने भेटला असेल तर शिवी ऐकून ते म्हणू शकतं, ‘‘हो, आहे.’’ विचारणाऱ्याची काय पंचाईत होते, बघा एकदा.

३. प्रत्यक्ष सांगणं

एकदा समोर बसवून सगळं सांगून टाकायची ही गोष्ट नाही. थोडं थोडं, वर्षानुवर्षं सांगायचं असतं.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला कारण नको असतं, कोणाकडे काय आहे ते हवं असतं. घरातल्या सगळ्यांचे फोटो घ्या. आईला मशीन नाही, बाबांना नाही, तुला आहे. बाहुलीच्या कानाला पिठाच्या गोळीचं मशीन करून लावा. बरेच जण इथे आजोबांच्या चष्म्याचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही. चष्मा लावला की आजोबांना पेपर स्वच्छ वाचता येतो, मशीन लावून आम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येत नाही. मुलाला हा फरक रोज कळत असतो. चष्म्यापेक्षा आजोबांची काठी बरी. काठीने चालायला मदत होते, काठी घेऊन कोणी धावत नाही.

चार-पाच वर्षांचं झालं की कानाचं चित्र काढा. आतला भाग गोगलगायीसारखा वळलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीवर गोगलगाई चढतातच, एखादी दाखवा. त्या वळणाच्या आत केसांहून बारीक केस असतात, प्रत्येक कानात साधारण १५,०००. आवाज आला की ते हलतात आणि मेंदूला निरोप देतात. तुझ्या कानातले पुष्कळ केस काम करत नाहीत, म्हणून निरोप जात नाही. ते नखांसारखे पुन्हा उगवत नाहीत. एवढंच. आमच्याकडे येणारी एक मुलगी हे चित्र पाहून आईला म्हणाली, ‘‘मग टकलू कान!’’ आई घाबरली, मी पोट धरून हसले. तो शब्द त्या घरात आता कायमचा झालाय.

मग तो प्रश्न येतो, साधारण पाच ते सातच्या दरम्यान. शब्दांत येईलच असं नाही. मूल मशीन काढून कपाटात ठेवेल आणि म्हणेल, ‘‘बाळाला होईल.’’ किंवा बाबांच्या कानात बघून मशीन कुठे गेलं ते शोधेल. याचा अर्थ एकच : मोठं झालं की हे जाईल का?

उत्तर : ‘‘नाही. तू मोठी होशील तेव्हाही तुला ऐकू येणार नाही. त्या ताईसारखी, ती मोठी आहे आणि बहिरी आहे.’’

तीन वाक्यं. त्यानंतर गप्प बसा. ‘पण तू किती हुशार आहेस’ वगैरे लगेच जोडू नका. मूल रडेल, चिडेल किंवा बिस्कीट मागेल. बिस्कीट मागितलं म्हणजे कळलं नाही असं नसतं, आजच्यापुरतं पुरे झालं एवढंच. महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा येईल. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या. आजीने मध्येच ‘देव करेल बरं’ म्हटलं तर आजीला बाजूला घेऊन सांगा. देवावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण तारीख देवाच्या नावावर ढकलू नका. मी दोन वाढदिवस तांब्या टाकलाय.

त्याच्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, हळूच : ‘‘मी काय केलं?’’ मुलांच्या जगात वाईट गोष्ट घडते ती शिक्षा म्हणून. इथे कारण माहीत असेल तर खरं कारण सांगा. ‘‘तू पोटात होतीस तेव्हाच तुझे कान असे तयार झाले’’ किंवा ‘‘तू लहान असताना खूप ताप आला, त्यात असं झालं.’’ कारण माहीत नसेल तर तेही सांगा. आणि शेवटी स्पष्ट : ‘‘तू काही केलं नाहीस. मीही नाही.’’ दुसरं वाक्य गाळू नका.

४. मिशा असलेला बहिरा माणूस

वर जी ‘ताई’ म्हटली ती कुठून आणायची? माझ्या मते सगळ्या लेखात हेच सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि हेच सर्वांत कमी केलं जातं. कर्णबधिर मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप ऐकणारे असतात. म्हणजे मूल ज्या घरात वाढतं तिथे त्याच्यासारखं कोणीच नसतं. आपण मोठेपणी कसे दिसू, हे त्याला आरशात कधी दिसतच नाही. मोठा बहिरा माणूस पाहिलाच नसेल तर मूल स्वतः सुचेल तो निष्कर्ष काढतं : ऐकू यायला लागतं. काही मुलं याहून भयंकर निष्कर्ष काढतात, की बहिरी माणसं मोठी होतच नाहीत, मरतात.

मी बारा वर्षांची होते. बाबांबरोबर दादरला गाडीची वाट पाहत होते, संध्याकाळची गर्दी. आमच्या फलाटावर एक माणूस उभा होता, खिशाला पेन, हातात डब्याची पिशवी, भरघोस मिशा. तो समोरच्या फलाटाकडे पाहून हात हलवत होता. मला वाटलं कोणाला बोलावतोय. मग समोर दुसरा दिसला, आणि मला कळायला लागलं ते काय बोलताहेत. शाळेत बाईंची पाठ फिरली की आम्ही हातांनी बोलायचो, तीच बोली होती. समोरचा सांगत होता की मुलीला गोवर आलाय, शाळा बुडतेय. मिशावाला म्हणाला, पगार अजून झाला नाही, झाला की येतो. दोघांच्या मध्ये चार रूळ आणि दादरचा सगळा आवाज. आसपासची ऐकणारी माणसं शेजाऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडत होती. मध्ये गाडी आली, मिशावाल्याने बोट वर करून ‘थांब’ म्हटलं आणि गाडी गेल्यावर वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

मिशा असलेला बहिरा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. ज्याला मुलगी आहे, जो पगाराची वाट पाहतोय असा. तांब्याचा प्रश्न तिथे मिटला. परतीच्या गाडीत मी खूप रडले आणि बाबांना वाटलं गर्दीमुळे.

तेव्हा अशी माणसं मुलाला दाखवा, तीही तो सहा वर्षांचा व्हायच्या आत. मुंबईत हे सोपं आहे. देशातली कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ मध्ये इथेच, मुंबईत सुरू झाली. इथल्या कर्णबधिर समाजाच्या कित्येक पिढ्या झाल्या आहेत. त्यांच्या संस्था आहेत, महिला मंडळं आहेत, क्रिकेटच्या टीम आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे तपासणीला गेलात तर बाकावर बसलेल्या मोठ्या मुलांशी, तरुणांशी ओळख करून घ्या. २३ सप्टेंबरला जागतिक सांकेतिक भाषा दिन असतो, त्या आठवड्यात कर्णबधिरांचे कार्यक्रम होतात, मुलाला खांद्यावर बसवून घेऊन जा. टाळ्या म्हणून शेकडो हात हवेत हलताना पाहू दे.

मोठी नावं हवीत तर तीही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्यासह ऑनलाइन सुनावणीत सुप्रीम कोर्टापुढे हजर झाल्या. कर्णबधिरांचं ऑलिंपिक, म्हणजे डेफलिंपिक्स, १९२४ पासून भरतं. २००९ साली मुंबईत सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्सने कामावर कर्णबधिर तरुणच घेतले. पण नुसती भिंतीवर चिकटवण्याची माणसं देऊ नका. मुलाला घरी चहाला येणारा बहिरा काका हवा, ज्याचा चहा सांडतो आणि जो लोनच्या हप्त्याबद्दल कुरकुरतो.

त्या काकाकडून मुलाला एक खूण-नाव मिळू द्या. कर्णबधिर मंडळी प्रत्येक माणसाला त्याच्या गालावरच्या तिळावरून, केसांवरून, सवयीवरून एक खूण देतात, तेच त्याचं नाव. माझं नाव हनुवटीवरच्या खळीवर बोट. हे नाव ऐकणाऱ्यांनी ठरवायचं नसतं, भेटीतून मिळतं.

५. भाषेशिवाय समजावणार कशात?

वरची सगळी वाक्यं मुलाला कळायला भाषा लागते, आणि इथेच गाडं अडतं. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. माझ्या शाळेतही ‘हात खाली’ हाच नियम होता, पट्टी खाल्लेले हात आहेत हे. ती भीती फार जुनी आहे. १८८० मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली, तिने शाळांतून खुणा हद्दपार करायचा ठराव केला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव अधिकृतपणे नाकारला गेला, पण शंभर-सव्वाशे वर्षांची सवय जात नाही लगेच.

माझं मत : दोन्ही द्या. मशीन, थेरपी, बोलणं सगळं करा, आणि पहिल्या दिवसापासून खुणाही करा. बोलणं यायला वेळ लागेल, काहींना कमी येईल. मधल्या वर्षांत मुलाने ‘मला भीती वाटते’ कशात सांगायचं? भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश इंटरनेटवर व्हिडिओंसह फुकट आहे, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले. रोज पाच शिका. भूक, दुखतं, थांब, कुठे, का. ‘का’ लवकर शिका.

ओठ वाचता येतात ना, असं विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी एक प्रयोग. आरशासमोर आवाज न काढता म्हणा : मामा, पापा, बाबा. तिन्ही एकसारखे दिसतात. प फ ब भ म ओठांवर होतात आणि ओठांना त्यांतला फरक दाखवता येत नाही. क ख ग घ तर घशात होतात, दिसतच नाहीत. आपल्या वर्णमालेने हे व्यवस्थित रांगेत लावून ठेवलंय, बहिऱ्या मुलाला त्यातला एकच वर्ग धड दिसतो. आणि आपले प्रत्यय! ला, ने, चा, त, हे इतके बारीक की ‘रामने मारलं’ आणि ‘रामला मारलं’ यात कोणी कोणाला मारलं ते मला लिहायला-वाचायला लागल्यावर कळलं. तुमचं मूल ‘आई बाजार गेली’ लिहील तेव्हा त्याला मठ्ठ म्हणू नका.

६. ‘काही नाही रे’

कोणत्याही कर्णबधिर माणसाला विचारा, लहानपणीचं कुठलं वाक्य आठवतं. मला आठवतं ते ‘काही नाही, नंतर सांगते.’ रात्रीचं जेवण, सगळे बसलेत, बाबा काहीतरी म्हणतात, आत्या हसता हसता पाणी सांडते. मी विचारते, काय झालं? ‘‘काही नाही गं, जेव.’’ ते नंतर कधी येत नाही.

मुलाला तुम्ही कितीही छान शब्दांत सांगा की बहिरेपणात कमीपणा नाही. रोज रात्री ताटासमोर ते उलटंच शिकतं. म्हणून इथे नियम करा. मुलाला भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात. खिडकीचा उजेड बोलणाऱ्याच्या मागून येऊ देऊ नका, चेहरा काळा दिसतो. एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा. घास तोंडात असताना बोलायचं नाही, हे आजीलाही आवडेल. एका मोठ्या माणसाने पाळीने सांगत जायचं, फक्त कामाचं नाही, फालतूही. शेजारच्यांचं भांडण, बाबांचा पाचकळ विनोद, सगळं. विनोद सांगितल्यावर मूल म्हणेल, ‘‘यात हसण्यासारखं काय?’’ म्हणू दे.

भावंडाला चोवीस तासांचा दुभाष्या करू नका. एखाद्या दिवशी त्यालाही नुसतं जेवायचं असतं.

आणि दिवा. दिवा मालवला की आमच्या गप्पा संपतात. झोपताना ज्या गोष्टी मुलं सांगतात, शाळेत कोणी ढकललं, कोण काय म्हणालं, त्या अंधारात हरवतात. उशाशी एक छोटा टॉर्च ठेवा.

७. मशीन त्याचं, घराबाहेरचं जगही त्याचं

हे थोडक्यात. पाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मशीनची बॅटरी बदलता येते. स्टिकर काढायचं, मिनिटभर थांबायचं, हवा लागली की बॅटरी जागी होते, मग घालायची. मोल्डचा, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याचा रंग त्याला निवडू द्या. कान वाढतो तसा मोल्ड सैल होतो आणि मशीन शिट्टी मारतं, तेव्हा नवा मोल्ड. जून ते सप्टेंबर रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत, नाहीतर मुंबईची हवा ते खाऊन टाकते. हे सगळं त्याच्या हाताने करवून घ्या.

लोकलमध्ये इंडिकेटर वाचायला, स्टेशनं मोजायला शिकवा. उद्घोषणेवर कधीही भिस्त ठेवायची नाही. अनोळखी माणसासाठी एक वाक्य तयार करून द्या आणि घरी नाटक करून घोटवा : ‘‘मला ऐकू येत नाही, माझ्याकडे बघून बोला.’’ नाहीतर तेच कार्डावर लिहून खिशात. बागेत दुसरं पोर विचारेल, ‘‘याच्या कानात काय आहे?’’ तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. मुलाकडे बघा, वाट बघा. त्याने नाहीच दिलं तर मग तुम्ही.

८. बारा-तेराला मशीन कपाटात जातं

जवळजवळ प्रत्येक घरात हे होतं. मुली केस कानांवर घेतात, मुलं घराच्या दारातच मशीन खिशात टाकतात. हजारो रुपयांचं मशीन, तुमचं पित्त खवळणारच. भांडायच्या आधी विचारा. मोल्ड टोचतोय का? वर्गात पंखे आणि बाकांचा आवाज असह्य होतो का? कोणी काही बोललं का? दिवसभर ऐकायचा प्रयत्न करून डोकं दुखतं, हे ऐकणाऱ्यांना खरं वाटत नाही, पण तो थकवा खरा असतो. शाळेतून आल्यावर एक तास मशीन काढायची मुभा त्याला हक्काने द्या. तेवढ्या तासात तुम्ही खुणांनी बोला.

या वयात ते विचारेल, ‘‘मला ऐकू आलं असतं तर तुम्हाला जास्त आवडलं असतं ना?’’ खोटं बोलू नका, ते चेहरा वाचतंय. एका बापाने माझ्यासमोर दिलेलं उत्तर मला आवडलं : ‘‘पहिली दोन वर्षं मला तसं वाटायचं. तेव्हा मी तुला ओळखत नव्हतो.’’

मी अजूनही गणपतीत लालबागला जाते. ढोल-ताशा जवळ आला की मशीन काढून पर्समध्ये टाकते आणि ढोलाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहते. मशीनमधून तो नुसता कर्कश येतो, छातीतून मात्र एकेक ठोका मोजता येतो. भाची माझ्या ओढणीने कान झाकून घेते.

गेल्या महिन्यात एक सहा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. आई मला रिपोर्ट दाखवत होती, तो माझ्या कानाकडे बघत होता. मग माझे पांढरे केस, मग पर्स, मग पुन्हा कान. खुणेने विचारलं, ‘‘तू मोठी?’’ म्हटलं, हो. ‘‘मशीन?’’ हो. तो बराच वेळ विचार करत होता. आई थोडी अवघडली, तिला वाटलं आता तो रडेल. त्याने विचारलं, ‘‘तुझी बॅटरी कोण बदलतं?’’

‘‘मीच.’’

त्याने आईची पर्स ओढली, बॅटऱ्यांचं पाकीट शोधून काढलं आणि स्वतःच्या खिशात घातलं.